पाठमोरा प्रेक्षक

खोली बघायला आम्ही गेलो तेव्हा मालकांनी ह्यांना पहिला प्रश्न विचारला तो पगाराचा नव्हता, जातीचा नव्हता, मासळीचा वास चालेल का असाही नव्हता. "हसायला येतं काय?" असं त्यांनी विचारलं. आमचे हे तेव्हा फोर्टातल्या एका कचेरीत नवीनच चिकटले होते आणि हसणं ही रविवारी करायची गोष्ट आहे अशी त्यांची समजूत होती. "म्हणजे?" ह्यांनी विचारलं. मालक आत गेले आणि चुलीपाशी पडलेली फुंकणी घेऊन आले. ओटीवर आमच्यापुढे उभे राहिले, फुंकणी तोंडाला लावली, गाल फुगवले, डोळे मिटले आणि फुंकणीवरून बोटं भराभर फिरवायला लागले. आवाज काहीच नाही. मी ह्यांच्याकडे बघितलं, ह्यांनी दाराकडे बघितलं. मध्येच मालकांनी एक डोळा किलकिला केला आणि "आवडतंय ना?" अशा काळजीने आमच्याकडे पाहिलं. मला जे हसू फुटलं ते आवरेचना. लग्नाला दोन महिने झाले होते आणि नवऱ्यासमोर अशी फिदीफिदी हसायची माझी ती पहिलीच वेळ. मालकांनी फुंकणी खाली ठेवली.

"खोली पोरीला दिली," ते ह्यांना म्हणाले. "तू बी राहा."

अंधेरीच्या गावठाणातल्या त्या कौलारू घरात आम्ही पाच वर्षं काढली. पुढे ह्यांची बढती झाली, आम्ही ब्लॉकमध्ये गेलो, मग आणखी मोठ्या ब्लॉकमध्ये गेलो. पण हसून मिळालेली जागा तेवढी एकच.

मालक ख्रिस्ती. माझ्या आईला पत्रातून ते कळलं तेव्हा तिने महिनाभर उत्तर पाठवलं नाही आणि मग एकदम चार पानं पाठवली. मी तिला कळवलं की इथली माणसं आपल्यासारखीच मराठी बोलतात, फक्त 'ळ' म्हणत नाहीत आणि 'मला'च्या जागी 'मना' आणि 'घरात'च्या जागी 'घरान' म्हणतात. मालकांची बायको माझ्या आईच्याच वयाची. त्यांना मी मावशी म्हणत असे. लेक लग्न होऊन वसईला गेलेली, म्हणून घरात दोघंच. मालक रेल्वेच्या कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. घरामागे भाताचं एक शेत होतं, ते बघत. बाकीचा सगळा वेळ ते एका सिनेमात राहत.

हे मी उगीच म्हणत नाही. लढाईच्या आधी कधीतरी निघालेला तो विनोदी बोलपट मालकांनी किती वेळा पाहिला होता हे त्यांनाही सांगता येत नसे. घरात घड्याळ होतं, पण मालकांची वेळ रिळांत चाले. एक रीळ म्हणजे साधारण दहा मिनिटं. भात दीड रिळात व्हायचा. स्टेशन पायी दोन रिळांवर. हे सकाळी आंघोळीला गेले की मालक बाहेरून ओरडत, "अरे, रील संपत आलं! बाकीच्यांनी काय बिनआंगोलीचं राहावं?" मावशींना माहेरी जायला साडेचार रिळं लागत आणि तिथून परत यायला, मालकांच्या हिशेबाने, अख्खा सिनेमा मध्यंतरासकट.

माणसांनाही त्यांनी सिनेमातल्या जागा वाटून दिल्या होत्या. गावठाणातले डॉक्टर 'दुसऱ्या रिलातले', म्हणजे सुरुवातीला येऊन मोठं मोठं बोलतात आणि पुढे कुठे दिसत नाहीत. आमचे हे 'नवरीचा मामा'. त्या मामाला सिनेमात एकच वाक्य होतं, "छत्री कुठे आहे?" ह्यांना ते फार लागलं. पण पावसाळ्यात रोज सकाळी हे दारात उभे राहून नेमकं तेच विचारायचे आणि मालक ओटीवर बसून मांडीवर थाप मारायचे. मला मात्र त्यांनी कुठलीही भूमिका दिली नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "तू बगनारी. बगनाऱ्याशिवाय सिनेमा कसला गो?"

सिनेमा काय होता ते सांगितलं पाहिजे, कारण आता तो सांगूनच बघावा लागतो. एक लग्नाचा बँड. त्यातला क्लॅरिनेटवाला मरतो आणि त्याचा मुलगा बापाचा लाल कोट घालून बापाच्या जागी उभा राहतो. त्याला वाजवता मुळीच येत नाही. मागच्या रांगेत उभा राहून तो नुसते गाल फुगवतो. लोक समजतात, वाजवतोय. एक दिवस बँड एका बड्या इनामदाराच्या घरी लग्नाला जातो. इनामदार सुरांचा मोठा दर्दी म्हणून प्रसिद्ध. तो हात वर करून सगळा बँड थांबवतो, मागच्या रांगेकडे बोट दाखवतो आणि म्हणतो, "हा एकटा वाजवील."

त्यापुढचं जवळजवळ एक रीळभर सिनेमात आवाजच नाही. तो मुलगा पुढे येतो. क्लॅरिनेट पुसतो. टोपी सारखी करतो. पुन्हा पुसतो. समोरच्या म्हातारीला हातानेच जरा बाजूला सरकायला सांगतो. आकाशाकडे बघतो. शेवटी काहीच उरत नाही तेव्हा क्लॅरिनेट तोंडाला लावतो, गाल फुगवतो आणि बोटं फिरवायला लागतो. सारा मांडव श्वास रोखून बसलेला. आणि इनामदार डोळे मिटून मान डोलावतो, कारण तो ठार बहिरा असतो आणि ते त्याने जन्मभर लपवलेलं असतं. इनामदार डोलला म्हणून मग सगळं गाव डोलतं.

गोष्ट एवढीच. मी सांगितली तर तुम्ही थोडंसं हसाल. मालकांनी सांगितली असती तर जास्त हसला असतात. पण तो नट करायचा तेव्हा लोक खाली वाकून पोट धरायचे. सडपातळ अंग, पुढे आलेले कान आणि टपोरे डोळे. विनोदी नट म्हणून तो काही म्हणजे काही करत नसे. तोंड वेडंवाकडं करणं नाही, पाय घसरून पडणं नाही. मी तो सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या लक्षात आलं की क्लॅरिनेट तोंडाला लावताना त्या मुलाला खरंच वाटत असतं, आज वाजेल. बापाचं वाद्य आहे, बापाचा कोट आहे, आज तरी वाजेल. ती आशा त्याच्या डोळ्यांत शेवटच्या क्षणापर्यंत असते. आपण हसत असतो ते ह्या आशेला. मी मालकांना हे सांगितलं तेव्हा ते तडक उठले. मग आत जाऊन मावशींना म्हणाले, "पोरीला दिसलं गो. ते डोल्यांचं दिसलं तिला."

पण तोवर मालकांनी स्वतः तो सिनेमा बघणं सोडलं होतं.

त्यांच्या शेतावर दर वर्षी भात कापून झालं की एक फिरता तंबू येत असे. रिकाम्या शेतात कनात उभी राहायची, जनरेटर धडधडायचा, लोक भाताच्या सडांवर गोणपाट टाकून बसायचे. दोन महिने दिवेलागणीला रोज खेळ. तंबूवाल्याला शेत वापरू देताना मालकांची एकच अट असे. हंगामात एक दिवस तो सिनेमा लागलाच पाहिजे. तंबूवाला भला माणूस. त्या सिनेमाच्या रिळांची पेटी कुठून कुठून मिळवून आणायचा. त्या दिवशी मालक आणि मावशी ठेवणीतले कपडे घालून जायचे आणि सगळ्यांच्या पुढे दोन खुर्च्यांवर बसायचे, असं मला शेजारणींनी सांगितलं. मी आले त्या वर्षी मात्र मालक खुर्चीवर नव्हते. खेळ सुरू झाला तेव्हा ते तंबूच्या बाहेर, मागच्या बाजूला एका स्टुलावर, कनातीकडे पाठ करून बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला ओटीवर बसवून पहिल्या रिळापासून सगळं सांगायला लावलं. "टोपी आधी की पुसनं आधी?" "पुसणं." "मग?" "मग टोपी." "आनि म्हातारीला सरकायला सांगतो तवा डावा हात की उजवा?" मला आठवेना. मालक इतके हिरमुसले की मला अपराध्यासारखं झालं.

"तुम्हीच का नाही बघत?" मी चिडून विचारलं. "चार पावलांवर तर तंबू आहे!"

त्यांनी आत बघितलं. मावशी विहिरीवर गेल्या होत्या. मग माझ्याकडून शपथ घेऊन त्यांनी सांगितलं.

आम्ही राहायला येण्याच्या आदल्या साली मावशींना मुदतीचा ताप आला होता. शहरातल्या इस्पितळात तीन आठवडे शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणाले, लेकीला बोलावून घ्या. मालक व्हरांड्यात उभे होते. तिथेच त्यांनी वांद्र्याच्या चर्चमधल्या माउलीला नवस बोलला की ही उठली तर मी माझी सगळ्यात आवडती गोष्ट सोडीन. "लोक ताडी सोडतात," ते मला म्हणाले, "मटन सोडतात. मी पन आधी ताडीच म्हनालो. मग वाटलं, माउली काय खुली हाय? तिना ठावं हाय मना काय आवडतं ते." म्हणून व्हरांड्यात, नर्सेस येत-जात असताना, त्यांनी साफ शब्दांत सांगितलं की ह्या माणसाचं तोंड मी पुन्हा बघणार नाही. पडद्यावर नाही की पडद्याबाहेर नाही. चार दिवसांनी मावशींनी डोळे उघडले.

"ऐकनार नाय असं बोललो नव्हतो," मालक म्हणाले. "म्हनून बाहेर बसून ऐकतो. पन मधलं ते रील... त्यान आवाजच नाय ना!"

"मावशींना सांगा की सरळ."

"जिच्यासाठी केला तिना सांगायचा नसतो," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना घर पेटवायला सांगितलं होतं.

मला तेव्हा हा सगळा प्रकार गमतीचा वाटला होता, हे कबूल केलं पाहिजे. साठीचा माणूस, एका नटाचं तोंड, आणि त्यावर देवाशी करार! ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांनी 'छत्री कुठे आहे'चा सूड एका दिवसात घेतला असता. मी सांगितलं नाही. पण पुढल्या वर्षी मावशींच्या बाजूने हीच गोष्ट कशी दिसते ते मला कळलं आणि माझं हसू पळालं.

मावशी मूळच्या चांगल्या धिप्पाड. तापातून उठल्या त्या वाळून गेल्या होत्या. केस गळले ते पुन्हा पूर्वीसारखे आलेच नाहीत, चेहरा काळवंडला. एके दुपारी सुकट निवडता निवडता त्या मला म्हणाल्या, "तुना एक विचारू? मी फार वायट दिसते काय गो?" मी म्हटलं, "काहीतरीच काय!" त्या खालीच बघत होत्या. "आजारातून उठले तवापासून तो तंबून माज्या शेजारी बसत नाय. म्हनतो, डास चावतात. त्याला कवा डास चावले? वीस वरसं त्या सिनेमाला आमी दोघं एका ओलीन बसलो. आता लोक बगतात, ही हडकुली कोन शेजारी, म्हनून त्याला लाज वाटते." बोलताना त्या सुकट निवडतच होत्या. मी शपथेला बांधलेली. काय बोलणार? मालक घरी आले तेव्हा मी त्यांच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही. तिसऱ्या दिवशी एकटे सापडले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं.

मग ते फादरांकडे गेले. 'एका मित्राचा' नवस आहे, तो बदलून दुसरा काही करता येईल का, असं त्यांनी विचारलं. फादर गेली बारा वर्षं त्याच गावात होते आणि मालकांचे मित्र कोण कोण आहेत हे त्यांना पाठ होतं. ते म्हणाले, "मित्राला सांगा, देव काही सावकार नाही. मी सोडवतो नवस." मी म्हटलं, सुटलो एकदाचे. पण मालक घरी आले ते तोंड पाडून. "फादर सोडतात," ते म्हणाले. "पन मी फादरना बोललो नव्हतो. आनि सोडला, आनि हिना पुन्हा ताप आला, तर? फादर काय करतील? येऊन मरनाची मिस्सा करतील."

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या वर्षी तंबूवाल्याने घात केला. घात म्हणते, पण बिचाऱ्याने प्रेमाने केला. मालक ज्या नटासाठी जीव टाकतात तोच नट त्याने शोधून काढला. बोलपटांची तऱ्हा बदलल्यावर त्याला कुणी विचारत नव्हतं. गड्याची, पुजाऱ्याची अशी किरकोळ कामं करून तो परळच्या बाजूला कुठेतरी राहत होता. तंबूवाल्याने त्याला खेळाच्या दिवशी यायला राजी केलं. हातगाडीवर ताशा वाजवत जाहिरातीचे कागद वाटले गेले. 'प्रत्यक्ष दर्शन!' असं त्यावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं. तंबूवाला स्वतः घरी आला आणि मालकांना म्हणाला, "तुमच्यासाठी आणलाय बघा. तुमच्याच हातून हार घालायचा." मालकांचा चेहरा पांढरा पडला. मावशी मात्र अशा खुलल्या की मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. तंबूवाला गेल्यावर त्यांनी पेटीतलं ठेवणीतलं लाल लुगडं काढलं, वाळवलं आणि मालकांच्या कोटाला बटण लावून ठेवलं. "आता तरी येशील ना रे?" त्यांनी विचारलं. मालक "बगू" म्हणाले आणि शेताकडे निघून गेले.

त्या संध्याकाळी हार ह्यांच्या हातून घातला गेला. मालकांना अचानक कंबर धरली होती. आमचे हे लाकडासारखे मंचावर गेले, हार घातला आणि त्या थोर नटाशी काय बोलावं हे न सुचून म्हणाले, "नमस्कार, मी इथेच राहतो." तो नट म्हाताराच झाला होता. कान तेवढे तसेच. त्याने सगळ्यांना वाकून नमस्कार केला, चार शब्द बोलला आणि दिवे मालवून सिनेमा सुरू झाला. पुढच्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर मावशी होत्या. शेजारची रिकामी होती. मावशींनी तिच्यावर आपली शाल ठेवली होती.

मला तेव्हा सातवा महिना होता. पाचव्या रिळाच्या सुमाराला तंबूतला धूर आणि गर्दी सोसेना, म्हणून मी मागच्या बाजूने बाहेर आले. मालक त्यांच्या स्टुलावर होते, कनातीकडे पाठ, कमरेला काही झालेलं नाही. त्यांच्यापासून हातभर अंतरावर, त्यांच्या मागे, शेताच्या बांधावर तो नट बसून बिडी ओढत होता. मी जागच्या जागी थांबले.

"आत जागा नाही मिळाली का?" नटाने विचारलं.

मालकांनी तो आवाज ऐकला. त्यांची पाठ एकदम ताठ झाली. मान मात्र वळली नाही. "शेत माजंच हाय," ते म्हणाले. "जागा कशी नाय मिलनार?"

"मग असे पाठ करून का?"

मला वाटलं, मालक काहीतरी थाप मारतील. पण त्यांनी समोरच्या अंधाराकडे बघत सगळं सांगून टाकलं. मुदतीचा ताप, व्हरांडा, माउली, सगळं. सांगताना ते कुणा ओळखीच्याशी बोलावं तसे बोलत होते. ओळखीचाच होता म्हणा तो.

नटाची बिडी विझली तरी त्याने पुन्हा पेटवली नाही. "बायकोला माहीत आहे?"

"नाय."

"खरं सांगू का," नट म्हणाला, "ह्या तोंडात आता बघण्यासारखं काही राहिलेलं नाही. तुम्ही स्वस्तात सुटलात."

"तुमी गप बसा," मालक म्हणाले. "तुमाला काय ठावं? तुमी कुठं बगितलंय पुढं बसून?"

तेवढ्यात आतला बँड थांबला आणि तंबूत शांतता पसरली. ते रीळ सुरू झालं होतं. यंत्राची घरघर आणि लांबून जनरेटर, बाकी काही नाही. आत पहिली हशाची लाट आली. "पिपानी पुसली," मालक हळूच म्हणाले. पुन्हा हशा. "टोपी." मग हशा जरा वेगळा, बायकांचा जास्त. "म्हातारी सरकली." मालकांची बोटं गुडघ्यावर हलत होती. तो नट ह्या पाठमोऱ्या माणसाकडे टक लावून बघत होता. आत तो स्वतः पडद्यावर तरुण होता आणि तिकडे त्याने ढुंकूनही बघितलं नव्हतं.

मग आत सगळा तंबू हसून हसून शांत झाला आणि त्यानंतर एकच हसू ऐकू आलं. बारीक, मागे राहिलेलं, खोकल्यासारखं सुरू होऊन वर जाणारं.

"ती बगा," मालक म्हणाले. "ती माजी बायको. ती सगल्यांच्या मागून हसते. ऐकलंत?"

"ऐकलं," नट म्हणाला. "जन्मभर लोकांना हसवलं. पण हे हसू अमक्याचं, ते तमक्याचं, असं कधी ऐकलं नव्हतं हो."

मी तिथे उभी राहून रडत होते. सातव्या महिन्यात बायका कशानेही रडतात, असं हे नंतर म्हणाले. म्हणोत.

सिनेमा संपला आणि लोक भसाभस बाहेर आले. नट दिसल्यावर त्याच्याभोवती ही गर्दी झाली. पेट्रोमॅक्सच्या बत्त्या पुढे आल्या. मालक स्टुलावरून उठून निसटायला बघत होते, पण गर्दीतून मावशी आल्या आणि त्यांनी मालकांची बाही धरली. हसून हसून त्यांचे डोळे ओले होते. "चल की! तो बग तुजा मानूस, इथंच उभा हाय!" त्यांनी मालकांना ओढून वळवलं. मालकांनी डोळे घट्ट मिटून घेतले.

मावशींना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांचा चेहरा पडला. "बगत बी नायस?" त्या म्हणाल्या. "वीस वरसं ह्याच्या नावानं नाचलास. माज्या शेजारी बसायची लाज वाटते, समजलं. पन हा तुज्यासाठी एवढ्या लांबून आला, त्याच्याकडं बी बगत नायस? काय झालं रे तुना?"

मालक तसेच उभे. डोळे मिटलेलेच. तीन वर्षं जी गोष्ट त्यांनी मावशींसाठी सांभाळली होती ती आता त्याच मावशी सगळ्या गावासमोर त्यांच्याकडे मागत होत्या. एवढे डोळे उघडले असते की झालं असतं. मला वाटलं, आता उघडणार. मी तर मनातल्या मनात म्हणतच होते, उघडा हो, उघडा एकदाचे!

नट पुढे आला. त्याने मावशींना नमस्कार केला. "बाई," तो म्हणाला, "माझं एक ऐका. ह्यांचे डोळे मिटलेलेच राहू देत. मी तिकडे रस्त्याला लागलो की मग उघडायला सांगा. का ते विचारू नका. इतका मान मला आजवर कुणी दिलेला नाही." मग तो मिटल्या डोळ्यांच्या मालकांपुढे उभा राहिला, गळ्यातला हार काढून त्याने मालकांच्या हातात दिला, त्यांच्यापुढे पार कमरेत वाकला आणि वळून चालू लागला. तंबूवाला बत्ती घेऊन त्याच्यामागे धावला.

मावशींनी जाणाऱ्या नटाकडे बघितलं, मग मालकांकडे, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. त्या जन्मभर त्या गावात राहिलेल्या, माउलीच्या जत्रेला दर वर्षी अनवाणी जाणाऱ्या. नवस पाळणारा माणूस कसा दिसतो हे त्यांना मी सांगायला नको होतं. त्यांचा हात आपोआप स्वतःच्या केसांकडे गेला आणि तिथेच राहिला. त्या मालकांच्या अगदी पुढ्यात जाऊन उभ्या राहिल्या.

"गेला तो," त्या म्हणाल्या. "उघड डोले."

मालकांनी डोळे उघडले. बत्त्या निघून गेल्या होत्या, कनातीच्या फटीतून जेमतेम उजेड येत होता. ते मावशींच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. एवढा वेळ की मावशींना आम्हा सगळ्यांसमोर संकोचल्यासारखं झालं आणि त्यांनी पदर सारखा केला.

"काय बगतोस असा?"

"तुनाच बगतो," मालक म्हणाले.